डाव्या हाताची खोळ

सिरसाळ्याला बिऱ्हाड मांडलं त्याच्या पहिल्याच सकाळी मी परसात गेले, तर शेजारच्या दोरीवर तीन पांढरी शुभ्र टोपडी वाळत घातलेली दिसली. मला फार बरं वाटलं. टोपडी आहेत म्हणजे तान्हं मूल आहे, तान्हं मूल आहे म्हणजे बाळंतीण आहे आणि बाळंतिणीच्या खोलीत चार बायका जमतातच. मी नगरकडची, इंग्रजी मुलखातून लग्न होऊन मोगलाईत आलेली. आमचे मास्तर निजामाच्या शाळेत दिवसभर उर्दूतून गणित शिकवायचे आणि घरी आल्यावर मराठीतून गप्प बसायचे. मला बोलायला माणूस हवं होतं. दुपारी पदराखाली डिंक-खारकांची पुडी घेऊन मी शेजारी बाळ बघायला गेले.

ओसरीवर तीन मुली सागरगोटे खेळत होत्या. त्यांची आई गौराबाई बाहेर आली. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, उंच, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. मी हळूच विचारलं, "बाळ झोपलंय का?"

"कोन्तं बाळ?" ती म्हणाली.

मी दोरीकडं बोट दाखवलं. तिनं दोरीकडं पाहिलं, माझ्या हातातल्या पुडीकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खांबाला धरून बसावं लागलं. "मास्तरीणबाई, ती टोपडी न्हाईत. आमच्या मालकाच्या हाताच्या खोळी हायती." डिंक-खारका तिनं ठेवून घेतल्या आणि मुलींना वाटल्या. आमची ओळख झाली ती अशी.

मालक संध्याकाळी आले. सायकलवरून उतरलेला एक सडपातळ माणूस, डोक्याला मळका रुमाल, उजवा हात कोपरापर्यंत काळाकुट्ट. डाव्या हाताला मात्र मांजरपाटाची पांढरी खोळ, मनगटाशी नाडीनं बांधलेली. मुली धावत गेल्या तसा त्यांनी उजवा हात पाठीमागं लपवला, दातांनी नाडी सोडली, खोळ खाली पाडली आणि आतला स्वच्छ हात एकेकीच्या डोक्यावर ठेवला. थोरली शिवकांता, मधली महानंदा, धाकटी भागू. धाकटीनं दुसऱ्यांदा डोकं पुढं केलं तर दुसऱ्यांदा ठेवला. मला पाहून आपल्या रीतीचा नमस्कार केला, म्हणाले, "शरणार्थ, मास्तरीणबाई. तुमीच का बाळ बघाया आलता?" बातमी गावभर गेलेली होती.

हे वैजनाथप्पा. गाव त्यांना वैजाप्पा म्हणायचं आणि मी आप्पा. परळीपासून दिंद्रुडपर्यंत कुठंही इंजिन बंद पडलं, शिवणयंत्र अडलं, गॅसबत्ती काजळली, की आप्पांना निरोप यायचा. घराणं लिंगायत वाण्याचं, वडलांचं तेल-मिठाचं दुकान. परळीच्या एका जिनिंगात कुणी फिटर इंजिन बसवायला आला होता, ते बघायला म्हणून गेलेला मुलगा दुकानात परत आलाच नाही. वडील म्हणाले होते, "वाण्याच्या पोरानं तेल इकायचं असतंय, त्यात हात घालायचा नसतोय." आप्पा ही गोष्ट सांगायचे आणि पुढं आपलं उत्तरही सांगायचे, "म्हणलं, तुमी इकलेलं तेल लोकाच्या फोडणीत जातंय. मी घातलेलं चाकात जातंय आन् चाक फिरलेलं मला डोळ्यानं दिसतंय." दुकान धाकट्या भावाकडं गेलं. आप्पांना त्याचं कधी काही वाटलेलं मी पाहिलं नाही.

खोळीचं कारण मला गौराबाईनं सांगितलं. लिंगायताच्या गळ्यात गुरूनं बांधलेलं इष्टलिंग असतं, ते जन्मभर अंगावरून उतरवायचं नाही. रोज अंघोळ करून ते डाव्या तळव्यावर घ्यायचं, उजव्या हातानं त्याला पाणी, भस्म, बेल वाहायचा, त्याच्याकडं टक लावून बसायचं आणि मगच तोंडात घास घालायचा. आता इंजिनाचं काळं तेल एकदा तळव्याच्या रेघांत शिरलं की निघत नाही. तेव्हा आप्पांनी वाटणी करून टाकलेली होती. "डावा हात म्हादेवाचा, उजवा मिशिनीचा," ते म्हणायचे, "दोघांचं भांडन नको." मी एकदा विचारलं, की बेल वाहायला तरी काळा हात कसा चालतो? तर म्हणाले, "वाढणाऱ्याचे हात भरलेले असत्यात, मास्तरीणबाई. पत्रावळ साफ पायजे." मी ब्राह्मणाची लेक, डाव्या हातानं कुणाला सुपारीसुद्धा न देणारी. हा माणूस डाव्या हातावर देव घेत होता आणि त्याच हातानं लेकींच्या डोक्यावर माया करत होता. सुरुवातीला मला ते जरा कसंसंच वाटे. पुढं सवय झाली आणि नंतर तर त्या दोरीवर खोळी दिसल्या नाहीत की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

कामाला हात लावण्याआधी ते इंजिनालासुद्धा "शरणार्थ" म्हणायचे. लोक हसायचे. डावा हात राखून काम करायचं म्हणजे वेळ लागणारच. जिथं दोन्ही हात हवेत तिथं ते कोपर लावायचे, गुडघा लावायचे, दातांत नट धरायचे. एकदा ठाण्याच्या अमीनसाहेबांची सायकल नीट करत होते. अमीनसाहेब म्हणजे पोलिसांतला मोठा अंमलदार, गाव त्याच्यासमोर मान खाली घालून उभं राहायचं. तो छडी आपटत "जल्दी, जल्दी" करायला लागला. आप्पा शांतपणे उठले, म्हणाले, "साहेब, घाई तुमच्यापाशी ठिवा, सायकल माझ्यापाशी द्या. दोनीबी माझ्याकडं दिल्यावर मी कुटं ठिवू?" जमलेले लोक दोन पावलं मागं सरले. अमीनसाहेबाला मराठी अर्धीच कळायची. त्याला वाटलं, हा काहीतरी अदबीनं बोलतो आहे. तो खुर्ची मागवून बसला.

गावात पिठाची चक्की करीमभाईंची. त्यांचं आणि आप्पांचं मैत्र लहानपणापासूनचं. करीमभाई त्या खोळीवरून फार चिडवायचे. "वो टोपी निकाल बे, वैजाप्पा. इंजनसे कायकू शरमाता?" आप्पा म्हणायचे, "तुमी नमाजाला पाय धूता का न्हाई? मग मला हात राखू द्या." चेष्टेचं एवढंच. पण करीमभाई कधीकधी खरंच काळजीनं म्हणत, की फिरत्या यंत्राजवळ कापड वाईट. आप्पा मान हलवायचे. ऐकलं असं दाखवून न ऐकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

त्या दिवशी चक्कीचा पट्टा घसरत होता. इंजिनाच्या चाकावरून दळणाच्या चाकावर जाणारा तो लांब चामडी पट्टा; घसरला की त्याला चालता चालताच राळ लावतात. आप्पा उजव्या हातानं राळ लावत होते, डावा हात खोळीसकट चौकटीवर टेकलेला. नाडीचं एक टोक सुटून लोंबत होतं. ते पट्ट्यानं उचललं, नाडीमागून खोळ गेली आणि खोळीमागून हात. करीमभाईंनी बांबू घालून पट्टा उतरवला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. दळणाला आलेल्या बायका किंचाळत बाहेर पळाल्या, त्यांचा आवाज मला घरात ऐकू आला. गौराबाई भाकरी थापत होती. तिनं तवासुद्धा उतरवला नाही, तशीच पळाली.

मोमिनाबादेत सरकारी दवाखाना होता. बैलगाडीतून आम्ही निघालो. मास्तरांना उर्दू येतं म्हणून ते, आणि गौराबाई एकटी नको म्हणून मी. मुलींना गावच्या मठपती स्वामींच्या घरी ठेवलं. मठपती म्हणजे लिंगायतांचे गावातले गुरू; आप्पांच्या गळ्यातलं लिंग यांच्याच वडलांनी बांधलेलं. वाटेत आप्पा कण्हत नव्हते. सारखे उजव्या हातानं गळ्यातली लिंगाची चांदीची डबी चाचपत होते आणि ती शाबूत आहे हे बघून पुन्हा डोळे मिटत होते. गौराबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या बोटांना अजून पीठ चिकटलेलं होतं.

डॉक्टरांनी हाताला जमेल तितके दिवस जपलं. मग एका सकाळी पट्टी सोडली आणि नाकाला रुमाल लावला. मास्तरांना बाजूला घेऊन ते उर्दूत बोलले. मास्तर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला कळलं. विष वर चढत होतं. मनगटाच्या वरून हात काढायचा, नाहीतर माणूस जायचा, आणि काढायचा तर आजच.

मास्तरांनी आप्पांना सांगितलं. आप्पांनी उजवा हात पुढं केला, तो काळा, रेघारेघांतून तेल बसलेला. "मास्तर, डाक्टरला सांगा, ह्यो काढा म्हणावं. ह्यो मिशिनीचा हाय. डावा ऱ्हाऊ द्या."

ताप होता, पण ते भ्रमात बोलत नव्हते. त्यांना नीट ठाऊक होतं की असं होत नसतं. तरी माणसाला मागून बघावंसं वाटतंच. डॉक्टर मास्तरांकडं बघत होते, रोगी काय म्हणतो म्हणून. मास्तरांना सगळ्या जिल्ह्यात कुणाहून कमी उर्दू येत नव्हतं, पण ते वाक्य त्यांना उर्दूत करता आलं नाही. ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

गौराबाई खाटेजवळ बसली. "तुमाला तीन लेकी हायती," ती म्हणाली.

"हायती म्हणून तर म्हणतोय. त्यांच्या डोक्यावर कोन्ता हात ठिवू?"

"ते मागून बगू. आदी माणूस तर ऱ्हाऊ द्या."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग डबी उघडून लिंग बाहेर काढलं आणि डाव्या हाताच्या त्या फुगलेल्या, वास मारणाऱ्या पट्टीवर ठेवलं. एवढंसं काळं लिंग त्या पांढऱ्या पट्टीवर. बेल नव्हता, पाणी नव्हतं. ते तसेच टक लावून बसले. डॉक्टर मुसलमान होते. ते दारापाशी पाठ करून थांबले. मग आप्पांनी लिंग पुन्हा डबीत ठेवलं आणि मान हलवली.

हात गेला, माणूस राहिला. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, नशीब, कामाचा हात वाचला. आप्पा ऐकून घ्यायचे. एकजण म्हणाला, देवानं आपला हात परत नेला. तेवढ्याला मात्र ते बोलले, "देवानं न्हाई, पट्ट्यानं नेला. देवाला कावून मधी घेता?" पण शुद्धीवर आल्यापासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. पूजा नाही तर अन्न नाही, आणि तळवा नाही तर पूजा नाही. डॉक्टर रागावले, मास्तरांनी समजावलं, गौराबाई दूध घेऊन खाटेशी उभी राहायची आणि तसाच पेला घेऊन परत यायची. मला त्या माणसाचा राग यायला लागला होता. त्याच्याहून जास्त त्याच्या देवाचा.

शेवटी मठपती स्वामींना आणलं. ते म्हातारे नव्हते, विद्वानही फार नव्हते. साधे, भला विचार करणारे गृहस्थ. त्यांनी आप्पांच्या पाठीवरून हात फिरवला. "वैजनाथा, तळवा त्यो तळवा. उजव्यावर घे. दोष न्हाई."

"स्वामी, उजवा मिशिनीचा हाय. त्याचा वाससुदीक जात न्हाई."

"मग धू," स्वामी म्हणाले.

एवढंच म्हणाले. ते ऐकून आप्पांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी माणसाचा रंग आला. त्यांनी पाणी मागितलं. गौराबाईनं राखेनं, चिंचेनं तो हात घासला, मी तांब्यानं पाणी घातलं. काळेपणा पुष्कळ गेला. लिंग उजव्या तळव्यावर बसलं. आता बेल वाहायला हात नव्हता, तो गौराबाईनं वाहिला. मग त्यांनी दूध घेतलं. परतीच्या गाडीत आम्ही सगळेच हलक्या मनानं बसलो होतो आणि स्वामींचं फार कौतुक करत होतो.

त्यानंतरचे काही महिने, मी सांगते, त्या घरात मी इतकी शांतता कधी पाहिली नव्हती. कामाशिवाय राहिलेला तो हात हळूहळू उजळत गेला. रेघांतलं तेल निघालं, नखं गुलाबी झाली. सकाळी आप्पा ओसरीवर बसायचे, तळव्यावर लिंग, समोर गौराबाई एकेक पान वाहते आहे. मुली केस विंचरून घ्यायला रांगेत उभ्या असाव्यात तशा उभ्या राहायच्या. पूजा झाली की तोच हात त्यांच्या डोक्यावर. मी कुंपणावरून बघायची. पण करीमभाईंची चक्की त्या दिवसापासून बंद होती, ती चालू करायला दुसरं कुणी नव्हतं. दिंद्रुडहून निरोप यायचे, तलवाड्याहून एकजण गाडी घेऊन आला, आणि आप्पा सगळ्यांना एकच सांगायचे, "आता एकच हाय. त्यो दिला त्याला."

ज्वारीची कणगी तळाला गेली. करीमभाईंनी ज्वारीचं पोतं पाठवलं, ते आप्पांनी नमस्कार करून परत पाठवलं. भावानं दुकानावर बसायला बोलावलं, तिथं भावजयीनं चार दिवसांत बसणं नकोसं केलं. मग गौराबाई एका सकाळी भाकरी फडक्यात बांधून कापूस वेचायला गेली. वाण्याच्या घरची बाई, जिनं पाण्याची घागरसुद्धा पदर सावरून आणली, ती दुसऱ्याच्या रानात. संध्याकाळी आली तेव्हा बोंडांनी तिची बोटं फाटलेली होती. तिनं ती लपवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बोटांनी बेल वाहायला बसली. आप्पांना लिंगापलीकडं ती बोटं दिसली. त्यांनी पूजा पुरी केली, जेवले, आणि कुणाला काही न सांगता रुमाल बांधून करीमभाईंच्या चक्कीवर गेले. तिथं इंजिनासमोर उभे राहून त्यांनी "शरणार्थ" म्हटलं आणि तो गुलाबी हात तेलात घातला. करीमभाई मला हे सांगताना हुंदके देत होते. म्हणाले, "भाबी, मैं खुश होना था. मेरी चक्की चालू हुई थी."

आणि मग ते धुणं सुरू झालं. पहाटे आप्पा रांजणाशी बसायचे. राख, चिंच, रिठे, रॉकेल, पायाची खरबरीत वजरी. दुसरा हात नाही, तेव्हा दगडावर राख टाकून त्यावर तळवा घासायचे. ते गौराबाईला बघवेना, म्हणून ती घासून द्यायची. हात स्वच्छ झाला असं आम्हाला वाटायचं. ते उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "अजून हाय." रोज कामावर हात काळा, रोज पहाटे धुणं. पूजेला उशीर, म्हणून जेवणाला उशीर. आधी सकाळचं जेवण दुपारी व्हायला लागलं, मग कधी दिवसच कोरडा जायला लागला. परगावी गेले की जेवतच नसत. घासून द्यायला तिथं कोण?

आम्ही काय काय नाही सुचवलं. मी म्हटलं, उजव्या हातालाही खोळ शिवू. ते म्हणाले, "बोटाला कळलं पायजे, मास्तरीणबाई. खोळीतून मिशिन कळत न्हाई." मास्तर म्हणाले, मनात पूजा करावी. त्यावर फक्त हसले. एकदा गौराबाईनं आपला डावा तळवा पुढं केला. म्हणाली, "ह्याच्यावर ठिवा. ह्यो मी कशालाबी लावीत न्हाई." तिनं हे बोलायला किती दिवस मनाची तयारी केली असेल. आप्पांनी तो हात मिटून दिला. "ह्याच्यावर तुझा म्हादेव हाय. माझं मला बगू दे." ज्याचं लिंग त्याच्याच हातावर, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, असा त्यांच्यात नेम आहे. तो मोडायला ती तयार होती, ते नव्हते. स्वामी तर दोनदा येऊन गेले. म्हणाले, "वैजनाथा, हात साफ हाय. मी सांगतो, पुरे." आप्पा म्हणाले, "तुमी सांगता म्हणून न्हाई धूत, स्वामी. मला दिसतंय म्हणून धूतो." स्वामी जाताना आमच्या दारात क्षणभर थांबले. मागं वळून एकदा आप्पांच्या रांजणाकडं पाहिलं आणि गेले.

शिवकांताचं लग्न ठरलं. मुलगा तलवाड्याचा, चांगला. पाठवणीच्या वेळी ती हिरव्या शालूत वाकली आणि उठून उभी राहिली, डोकं पुढं करून. आप्पांचा हात पाठीमागं. रात्री पाहुण्यांसाठी गॅसबत्त्या त्यांनीच पेटवल्या होत्या. "लुगड्याला लागंल, माय," ते म्हणाले. तिनं पाठीमागं हात घालून तो हात ओढून काढला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. पदरावर पाच बोटं उमटली. सासरच्या बायका चुळबुळल्या. शिवकांता तशीच गाडीत बसली आणि पदर न झटकता गेली. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पूजेला बसले ते ऊन डोक्यावर आल्यावर.

तळव्याची कातडी पातळ होत होत फाटायला लागली होती. भेगांत रॉकेल जायचं, तेल जायचं, वजरी फिरायची. ते तोंडातून ब्र काढत नसत. श्रावण संपता संपता एका सकाळी जबडा आवळला गेला. आधी वाटलं, दाढ दुखत असेल. दुपारपर्यंत मान वाकेना. धनुर्वात म्हणजे काय हे मोगलाईतल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं, बाळंतिणी त्यानंच जायच्या. करीमभाईंनी गाडी जुंपली. मास्तर शाळा सोडून आले. आप्पांना उचलायला गेलो तर अंग फळीसारखं ताठ झालेलं. त्यांना बोलता येत नव्हतं. नजर मात्र साफ होती आणि ती घरातल्या दोघी मुलींवरून फिरत होती. गाडी वेशीबाहेर पडायच्या आतच परत फिरवावी लागली.

लिंगायतांच्यात मढं झोपवत नाहीत. मांडी घालून बसवतात, न्हाऊ घालतात, भस्म लावतात आणि हातात लिंग देऊन बसल्या बैठकीनं मातीत ठेवतात. आप्पांना ओसरीच्या भिंतीला टेकून बसवलं. शिवकांताला आणायला माणूस गेलेला होता. अंगावर पाणी झालं, आणि गौराबाई तो उजवा हात मांडीवर घेऊन धुवायला बसली. आधी राख, मग चिंच, मग वजरी. बायका रडत होत्या, ती रडत नव्हती. हात उजेडाकडं वळवून बघायची आणि पुन्हा घासायला लागायची. दिवस कलत होता, माणसं खोळंबली होती, आतापर्यंत तळव्यात धुण्यासारखं काही उरलेलंही नव्हतं. रेघांमधून बारीक काळी जाळी होती, ती कातडीखाली गेलेली होती.

मठपती स्वामी पुढं आले. वाकून हळू आवाजात म्हणाले, "पुरे, गौराबाई. साफ झालाय."

तिनं मान वर केली नाही. "तुमीच म्हणला हुता, स्वामी. धू म्हणून."

स्वामींनी खांद्यावरची शाल काढून ठेवली, धोतर सावरलं, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तांब्या उचलून तिच्या हातावर पाणी घालायला लागले. ती घासत होती, ते पाणी घालत होते. रांजण संपला तेव्हा मी आमच्या घरून घागर भरून आणली.